ल्युकेमियात काउंट पडला की घरी काय सांभाळायचं

रिपोर्ट हातात आला की सगळ्यांची नजर आधी टोटल काउंटवर, म्हणजे रक्तातल्या एकूण पांढऱ्या पेशींच्या आकड्यावर जाते. ल्युकेमियात, म्हणजे रक्ताच्या कर्करोगात, नेमका तोच आकडा फसवतो. जंतू शरीरात शिरले की त्यांना सर्वात आधी अडवतात त्या पांढऱ्या पेशींमधल्या न्यूट्रोफिल पेशी. त्या प्रत्यक्षात किती उरल्या आहेत, हे घरातल्या एकाला तरी काढता आलं पाहिजे.

टोटल काउंटला न्यूट्रोफिलच्या टक्क्यांनी गुणायचं आणि 100 ने भागायचं. काउंट 1,800 आणि न्यूट्रोफिल 22 टक्के असतील, तर 1,800 × 22 ÷ 100 = 396. याला डॉक्टर एएनसी म्हणतात. 'बँड' पेशी (कोवळ्या न्यूट्रोफिल) वेगळ्या छापल्या असतील तर त्यांचे टक्केही न्यूट्रोफिलमध्ये मिळवा. काही लॅब हजारात छापतात, तिथे 1.8 म्हणजे 1,800. एएनसी 1,000 च्या खाली गेला की जपायचं, 500 च्या खाली गेला की खूप जपायचं, आणि 100 च्या खाली धोका सर्वात मोठा.

आता दुसरा रिपोर्ट पाहा. टोटल काउंट 24,000, त्यात 90 टक्के ब्लास्ट आणि न्यूट्रोफिल फक्त 1 टक्का. एएनसी येतो 240. 'पेशी तर भरपूर आहेत' असं वाटतं, पण ब्लास्ट म्हणजे अर्धवट वाढलेल्या पेशी. त्या जंतूंशी लढत नाहीत. हा रुग्ण पहिल्याइतकाच, किंबहुना जास्त धोक्यात आहे.

बऱ्याच केमोंनंतर साधारण 7 ते 14 दिवसांत काउंट तळाला जातो. एएमएल या झपाट्याने वाढणाऱ्या ल्युकेमियाच्या पहिल्या जोरदार केमोनंतर तो तीन-चार आठवडेही खाली राहतो. आपल्या औषधांचे तळाचे दिवस कोणते ते डॉक्टरांना विचारा आणि कॅलेंडरवर लाल पेनाने मांडून ठेवा.

ताप: इथे सकाळची वाट पाहायची नाही

जखमेला लाली येते, पू होतो, तो न्यूट्रोफिल तिथे धावून गेल्यामुळे. त्याच नसतील तर पू नाही, लाली नाही, छातीचा एक्स-रेसुद्धा सुरुवातीला स्वच्छ दिसू शकतो. अनेकदा ताप हीच एकमेव खूण असते. म्हणून ताप 101 फॅरेनहाइट एकदा जरी दिसला, किंवा 100.4 तासभर टिकला, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी रुग्णालयात निघायचं. तुमच्या डॉक्टरांनी याहून कमी आकडा सांगितला असेल तर तोच पाळा.

डिजिटल थर्मामीटर जिभेखाली, सकाळ-संध्याकाळ आणि अंग कसंतरी वाटेल तेव्हा. गरम चहा किंवा गार पाणी प्यायल्यावर 15 मिनिटं थांबा. तोंड आलेलं असेल तर काखेत लावा. काखेतला आकडा कमी येतो हे ध्यानात ठेवा. गुदद्वारातून ताप कधीच मोजू नका.

सर्वात जास्त घडणारी चूक म्हणजे आधी पॅरासिटामॉल देऊन पाहणं. गोळीने ताप उतरतो, जंतू वाढतच राहतात. डेक्सामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन ही स्टेरॉइड चालू असतील तर ताप मुळातच दबतो. अशा वेळी थंडी वाजणं, बीपी उतरणं, रुग्ण नेहमीपेक्षा सुस्त किंवा गोंधळलेला वाटणं, एवढ्यावरही निघा. पिक लाइन किंवा पोर्ट (औषध देण्यासाठी शिरेत बसवलेली नळी) धुतल्यावर लगेच हुडहुडी भरली तर संसर्ग त्या नळीत असू शकतो. हे डॉक्टरांना आवर्जून सांगा.

कॅज्युअल्टीत शिरताच पहिलं वाक्य हे: "ल्युकेमियाचा पेशंट आहे, केमो चालू आहे, एएनसी इतका आहे, ताप आलाय." रांगेत बसू नका. ब्लड कल्चर (रक्तात जंतू आहेत का ते पाहणारी तपासणी) घेऊन पहिलं अँटिबायोटिक तासाभरात शिरेतून जायला हवं. उपचार मुंबईत आणि घर लातूर-साताऱ्याकडे असेल, तर गावाजवळच्या रुग्णालयाशी आधीच बोलून ठेवा आणि डॉक्टरांकडून तसं पत्र घ्या. फाइल, औषधांची यादी, अ‍ॅलर्जी, वॉर्डचा फोन आणि रात्री येणाऱ्या गाडीवाल्याचा नंबर, सगळं एकाच पिशवीत ठेवा.

तोंड, पोट, घर

रक्तात शिरणारे पुष्कळ जंतू रुग्णाच्या स्वतःच्या तोंडातले आणि आतड्यातले असतात. मऊ ब्रश वापरा. उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात एक चहाचा चमचा मीठ आणि एक चमचा खाण्याचा सोडा घालून दिवसातून चार ते सहा वेळा चुळा भरा. पाणी रोज ताजं करा. बद्धकोष्ठ होऊ देऊ नका. कुंथल्याने चीर पडते आणि तिथून जंतू शिरतात. एनिमा किंवा सपोझिटरी (गुदद्वारात ठेवायचं औषध) नको. मल मऊ करणारं औषध वेळेवर मागून घ्या.

खाण्यात इतकी बंधनं घालू नका की रुग्ण जेवेनासा होईल. कच्चं सगळंच बंद केल्याने संसर्ग कमी होतात, असं अभ्यासांत दिसलेलं नाही. स्वच्छता मात्र कडक हवी. ताजं शिजवलेलं, दोन तासांच्या आत खाल्लेलं. केळी, संत्री, पपई धुऊन, घरी सोलून. मोड आलेली मटकी शिजवूनच, अंडं पूर्ण उकडलेलं, दूध उकळलेलं. पाणीपुरी, बर्फ घातलेला उसाचा रस, गाडीवरची चटणी बंद. गुळवेल, पपईच्या पानांचा रस लोक प्रेमाने आणून देतात, नम्रपणे नाकारा. गुळवेलीनंतर यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत, आणि केमोत यकृतावर आधीच ताण असतो.

हात साबणाने 20 सेकंद धुवा, भेटायला येणाऱ्यांनीही. भिंतीची ओल, तोडफोड, कुंड्यांची माती आणि पाण्याचा कूलर यांपासून लांब राहा. तिथे बुरशी असते. दाढीला वस्तऱ्याऐवजी ट्रिमर वापरा. घरात कुणाला कांजण्या किंवा नागीण झाली तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. बाळाला पोलिओचे तोंडावाटे थेंब द्यायचे असतील तर आधी विचारा: लसीतला जिवंत विषाणू बाळाच्या शीतून काही आठवडे बाहेर पडतो. बाकी घरच्यांनी फ्लूची लस जरूर घ्यावी.

काउंट वाढवणारं फिल्ग्रास्टिमचं इंजेक्शन प्रत्येक ल्युकेमियात चालतंच असं नाही, म्हणून स्वतःहून आणू नका. डॉक्टरांनी लिहिलं असेल तर 2 ते 8 अंश सेल्सिअसमध्ये ठेवा, फ्रीझरमध्ये नाही. प्रवासात बर्फाला थेट टेकू देऊ नका. कंबर आणि मांड्यांची हाडं दुखतात, ते अपेक्षित आहे. त्यासाठी पॅरासिटामॉल चालेल का ते विचारून घ्या, आणि प्रत्येक गोळीआधी ताप मोजून वहीत लिहा.