कोबेचं कितानो: चढ चढण्याआधी या चुका टाळा

कितानो म्हणजे जपानमधल्या कोबे शहराचा डोंगरउतारावरचा भाग, परदेशी लोकांच्या जुन्या घरांसाठी प्रसिद्ध. तिथे जाताना पहिली चूक स्टेशनवरच होते: सामान घेऊन निघणं. सान्नोमिया स्टेशनाहून कितानो चालत जेमतेम पंधरा मिनिटांवर, पण कितानोझाकाचा चढ नकाशात दिसत नाही. मी भर ऑगस्टच्या दुपारी चाकांची बॅग ओढत निघाले आणि अर्ध्या वाटेवर फतकल मारून बसले. स्टेशनात लॉकर आहेत, सामान तिथे टाका.

दुसरी चूक समजुतीची. परदेशी लोकांची वसाहत बघायची म्हणून सगळे थेट डोंगराकडे सुटतात. मूळ वसाहत खाली, बंदराला लागून होती. १८६८ मध्ये बंदर खुलं झालं आणि जॉन विल्यम हार्ट या इंग्रज इंजिनिअरने तिथे १२६ प्लॉट आखले. जागा अपुरी पडली तशी माणसं वर सरकली. म्हणून आधी ती खालची सरळ आखीव गल्ली बघा, मग चढा.

वर बहुतेक घरांना वेगवेगळं तिकीट. सगळी घरं बघायचा अट्टहास केलात तर तिसऱ्या घरापासून जेवणाचं टेबल कुठलं आणि फायरप्लेस कुठली, काही आठवत नाही. दोनच घरं निवडा. गॉटफ्रीड थॉमस या जर्मन व्यापाऱ्याचं १९०९ चं विटांचं घर, छपरावर पत्र्याचा कोंबडा असलेलं, त्यात हवंच. दुसरं मोएगी, १९०३ चं, अमेरिकन कॉन्सुलचं, फिकट हिरवं. १९९५ च्या भूकंपात त्याची धुराची चिमणी कोसळली, ती बागेत तशीच ठेवली आहे. मला तर घरापेक्षा ती पडलेली चिमणीच जास्त आठवते. जुनी घरं डागडुजीसाठी महिनोन्‌महिने बंद असतात, निघण्याआधी चौकशी करा. राइन हाउस या जुन्या घराला मात्र तिकीट नाही.

कोंबड्याचा फोटो खालून काढून मान मोडू नका. शेजारीच कितानो तेन्मान देवस्थानाच्या दगडी पायऱ्या आहेत. चढताना दम लागेल, पण वर कोंबडा जवळजवळ डोळ्यांसमोर येतो आणि त्याच्यामागे शहर पसरलेलं दिसतं.

वाट चुकलात? कोबेत लोक "डोंगराची बाजू" आणि "समुद्राची बाजू" असंच सांगतात. डोंगर उत्तरेला, समुद्र दक्षिणेला. स्टेशन हवं तर उतार धरा.

गल्लीबोळात लोक राहतात, तेव्हा कुणाच्या फाटकात उभं राहून सेल्फी नको. आणि शाकाहारी असाल तर बीफच्या पाट्या बघून हिरमुसू नका. याच भागात भारतीय हॉटेलं आहेत, आणि १९८५ चं पांढऱ्या संगमरवरी दगडाचं जैन मंदिरही.