पायावर फ्लॅप बसवलाय? पहिले तीन दिवस डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवा

मी मिरजेत सर्जरी वॉर्डला सिस्टर आहे. उसाच्या ट्रॉलीखाली नडगी चिरडली की कधी कधी मांडीचं मांस-कातडं रक्तवाहिन्यांसकट तिथं जोडतात, त्यालाच फ्लॅप म्हणतात. तो निकामी होण्याची जोखीम सगळ्यात जास्त पहिल्या 48 ते 72 तासांत.

फ्लॅप पांढरा, गार पडला तर रक्त आत पोचत नाही. जांभळट होऊन फुगला, बोटानं दाबून सोडताच रंग झटकन परत आला, तर शिरेतून रक्त बाहेर जात नाही. दाबून बघणं आमचं काम. तुम्ही रंग बघा, रात्रीही दिवा लावून. बदल दिसला की लगेच हाक मारा, राउंडची वाट बघू नका. तातडीनं ऑपरेशनला नेलं तर फ्लॅप वाचू शकतो.

पाय उंच ठेवा, डॉक्टर सांगेपर्यंत खाली सोडू नका. विडी, तंबाखू बंद. आजी, मिश्रीसुद्धा!