चमकदार लिपबाम आणि साबण घरी करताय? मायकाच्या या चुका टाळा

मायका म्हणजे आपलं अभ्रकच, पण मायका पावडरच्या डबीत नुसतं अभ्रक क्वचितच असतं. अभ्रकाच्या पातळ पापुद्र्यांवर टायटॅनियम डायऑक्साइडचा लेप असतो. लेप जाड होत जातो तशी झाक चंदेरीवरून सोनेरी, तांबडी, निळी आणि मग हिरवी होते. पुष्कळदा त्यावर आणखी एखादा रंग चढवलेला असतो, आणि गडबड बहुतेकदा हा वरचा रंगच करतो. म्हणून डबीवरचं 'रोझ गोल्ड', 'मोरपंखी' सोडा, सीआय (कलर इंडेक्स) म्हणजे रंगाचा ठरलेला क्रमांक वाचा. ७७०१९ म्हणजे अभ्रक, ७७८९१ टायटॅनियम डायऑक्साइड, ७७४९१ तांबडं आयर्न ऑक्साइड.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे रेझिन आर्टची, म्हणजे रेझिन ओतून केलेल्या शोभेच्या वस्तूंसाठीची स्वस्त पावडर ओठांवर वापरणं. दिसायला ती तशीच असते, पण तिच्यातल्या शिसं-आर्सेनिकची तपासणी झालेली असेलच असं नाही. भारतात सौंदर्यप्रसाधनांच्या रंगांसाठी शिशाची मर्यादा २० पीपीएम (दहा लाखांत २० भाग) आहे, आर्सेनिकची २ पीपीएम. विक्रेत्याकडे तपासणीचा दाखला मागा आणि त्यावरचा बॅच क्रमांक डबीवरच्या क्रमांकाशी जुळवून बघा. दाखला नसेल तर ती पावडर रेझिनलाच ठेवा.

'अभ्रक चालतं, मग ही पावडर ओठांना चालेलच' हा हिशेबही चुकीचा. अल्ट्रामरीन (७७००७), क्रोमियम ऑक्साइड हिरवा (७७२८८) आणि फेरिक फेरोसायनाइड (७७५१०) हे रंग अमेरिकेच्या नियमांत ओठांसाठी मंजूर नाहीत. लिपबाममध्ये ते टाळलेलेच बरे. कार्माइन (७५४७०) किड्यांपासून काढतात. ते काहींना ॲलर्जी देतं, शिवाय शाकाहारी माणसाला भेट देणार असाल तर आधी सांगायला हवं.

५० ग्रॅम लिपबामला १ ग्रॅम मायका पुरतं. कोरडी पावडर थेट वितळलेल्या मेणात टाकली की गुठळ्या होतात. आधी ३ ग्रॅम एरंडेलात चमच्याने घोटून घ्या, मग मिसळा. प्रत्येक नळी भरण्याआधी ढवळा, नाहीतर पहिली फिकी आणि शेवटची भडक होते. बाम खरखरीत लागला तर लगेच मायकाला दोष देऊ नका. कण बोटांत चोळून बघा. विरघळले तर ते शिया बटरचे, सावकाश थंड झाल्यामुळे आलेले. बाम पुन्हा पूर्ण वितळवा, ओता आणि १५-२० मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा.

साबणाचं निराळं. वितळवून ओतायच्या ४५० ग्रॅम तयार साबण-बेसला एक सपाट चहाचा चमचा मायका, तेवढ्याच ग्लिसरीनमध्ये कालवून. बेस फार गरम आणि पातळ असताना ओतला तर सगळी चमक तळाशी बसते. ५० अंशांच्या आसपास, जरा दाटसर झाल्यावर ओता. पांढऱ्या बेसमध्ये चमक दिसतच नाही, पारदर्शक घ्या. आणि मिक्सर नको! पापुद्रे फुटतात, लेप निघतो, हाती मळकट रंग उरतो.

कॉस्टिक सोड्याच्या साबणात फेरिक फेरोसायनाइडचा निळा तपकिरी पडतो आणि मँगनीज व्हायोलेटचा जांभळा टिकत नाही. अल्ट्रामरीन तिथे टिकतं, पण सायट्रिक ॲसिडच्या बाथबॉम्बमध्ये (अंघोळीच्या पाण्यात फसफसणाऱ्या गोळ्यात) त्याला सडक्या अंड्यासारखा वास येतो. सगळी पावडर घालण्याआधी थोड्याशा मिश्रणात चिमूटभर घालून बघाच.

मोजताना पंखा बंद ठेवा आणि एन-९५ मास्क लावा. अभ्रकाची बारीक धूळ वर्षानुवर्षं छातीत जाणं वाईट. खाणी-कारखान्यांतल्या कामगारांची फुप्फुसं तिने बिघडलेली आहेत. घरी धोका फार कमी असला तरी रोज ऑर्डर भरणाऱ्यांनी काळजी घ्यावी.

डोळ्यांजवळ हस्तकलेची टिकली-चमकी कधीच नको. ती बहुधा प्लास्टिक आणि ॲल्युमिनियमची असते, कडा धारदार. संशय असेल तर खिडकी उघडून जुन्या स्टीलच्या चमच्यात चिमूटभर तापवा. प्लास्टिक आक्रसून काळं पडतं, अभ्रक तसंच राहतं, फार तर रंग बदलतो. अर्थात, अभ्रक निघालं म्हणजे ते प्रसाधनाच्या दर्जाचं ठरलं असं नाही. कण डोळ्यात गेला तर चोळू नका. कॉन्टॅक्ट लेन्स असेल तर काढा, स्वच्छ पाण्याने डोळा धुवा. खुपणं थांबलं नाही तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा.