स्टड फार्मवर नोकरी धरण्याआधी

व्हेटर्नरीची डिग्री घेऊन आमच्याकडे, पुण्याजवळच्या स्टडवर (रेसच्या घोड्यांची पैदास होते तिथं), येणाऱ्या पोरांना मी आधी एवढंच सांगतो: रेसकोर्सवरची हवा डोक्यातून काढा. रेस जिंकून वळू घोड्याला इथं फक्त प्रवेश मिळतो. पुढे त्याचा भाव ठरतो शिंगरांवरून, आणि त्याला वेळ लागतो.

गॅलिलिओचंच घ्या. आयर्लंडचा घोडा. बाप सॅडलर्स वेल्स, आई १९९३ ची आर्क ही पॅरिसची मोठी रेस जिंकलेली अर्बन सी. २००१ मध्ये एप्सम डर्बी, आयरिश डर्बी आणि किंग जॉर्ज, या तिन्ही मोठ्या रेस त्याच्या नावावर. आठ रेसमध्ये सहा विजय, मग थेट कूलमोर स्टड. २००२ ला घोड्या फळवल्या, २००३ ला शिंगरं झाली, ती धावायला लागली २००५ ला. तोवर घोडीच्या मालकानं केवळ वंशावळीवर पैसा लावायचा! २००६ च्या सेंट लेजर रेसला पहिले तिन्ही त्याचीच पोरं आली, तेव्हा कुठं लोकांची खात्री पटली. नंतरचा त्याचाच मुलगा फ्रँकेल तर चौदापैकी चौदा जिंकला. ब्रिटन-आयर्लंडमध्ये गॅलिलिओ बारा वेळा चॅम्पियन सायर, म्हणजे त्या वर्षीचा सगळ्यात यशस्वी बाप-घोडा, ठरला.

गायींचं कृत्रिम रेतन शिकून आलेल्यांना इथं धक्का बसतो. थरोब्रेडमध्ये, म्हणजे रेसच्या घोड्यांच्या या जातीत, ते चालतच नाही. तसं झालेलं शिंगरू स्टड बुकात, म्हणजे वंशाच्या अधिकृत नोंदवहीत, चढत नाही. म्हणजे प्रत्येक घोडी प्रत्यक्ष फळवायची. फेब्रुवारीच्या मध्यापासून उन्हाळा संपेपर्यंत शेडमध्ये हेच चालतं. आधी टीझर घोडा (फक्त माज ओळखण्यासाठी ठेवलेला) दाखवून घोडी माजावर आहे का बघतात, मग सोनोग्राफी. तिची शेपटी पट्टीनं गुंडाळायची, मागच्या खुरांना जाड बूट, वरच्या ओठाला दोरीचा पिळा. वळू चढला की नवखे त्याच्या तोंडाकडे बघत राहतात. जुना सईस बघतो शेपटीकडे. शेपटी वरखाली झटके देऊ लागली की काम झालं. तरी घोडा उतरताना वीर्याचे दोन थेंब काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघायचेच. दोन आठवड्यांनी पुन्हा सोनोग्राफी: गाभण आहे की उलटली (म्हणजे गाभ राहिलाच नाही), आणि जुळं तर नाही ना. जुळं असेल तर एक गर्भ तेव्हाच काढून टाकावा लागतो, कारण घोडीला दोन क्वचितच पेलतात.

पहिल्या सीझनला वळूची दोरी कुणी हातात देणार नाही, मागूही नका. त्याऐवजी फळवणीची वही लिहायचं काम अंगावर घ्या. कोणती घोडी कितीदा उलटली, कुठला वळू कोणत्या महिन्यात ढेपाळतो, सगळं तिथं कळतं. शिंगराचा डीएनए आईबापाशी जुळल्याशिवाय पुण्याच्या स्टड बुक ऑथॉरिटीत नोंद होत नाही, त्यामुळे तारखा चोख हव्यात.

रुजू व्हायचं तर डिसेंबरात या. जानेवारीपासून घोड्या व्यायला लागतात, तेही बहुतेक रात्रीच, आणि नव्या माणसाला पाळी रात्रीचीच मिळते.