दिवेलागणीनंतरचा जीपीएस : विषुवकाळातील शेतकामांसाठी सल्ला

मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबर, म्हणजे दिवस-रात्र सारखे होण्याचा काळ. भारताच्या रेखांशावर याच महिन्यांत सूर्यास्तानंतर उपग्रहांचे संकेत सर्वांत जास्त बिघडतात. तुमचा ट्रॅक्टर ऑटोस्टीअरवर (जीपीएस पाहून आपोआप वळणाऱ्या स्टीअरिंगवर) चालत असेल, फवारणी ड्रोनने होत असेल किंवा आरटीके (जवळच्या पक्क्या जागेवरील बेस स्टेशनकडून दुरुस्ती घेऊन सेंटिमीटरपर्यंत जागा सांगणारी जीपीएस पद्धत) लावून जमिनीची आखणी करत असाल, तर सेंटिमीटरची अचूकता लागणारे काम दिवस मावळण्याआधी उरका.

असे का होते, ते समजून घेतले तर सल्ला पाळणे सोपे जाईल. साधारण ३०० किलोमीटर उंचीवर आयनांबराचा (विद्युतभारित कणांच्या वातावरणाचा) दाट थर असतो. सूर्य मावळला की त्याच्या खालचा भाग झपाट्याने विरतो, आणि चुंबकीय विषुववृत्तावर (जिथे पृथ्वीच्या चुंबकीय रेषा जमिनीला समांतर असतात) वरचा दाट थर आणखी उंच उचलला जातो. दाट वर, विरळ खाली! ही रचना टिकत नाही. विरळ भाग बुडबुड्यासारखा वर घुसतो आणि चुंबकीय रेषांना धरून उत्तर-दक्षिण दोन्हीकडे १५ ते २० अंशांपर्यंत पसरतो. चुंबकीय विषुववृत्त भारताच्या दक्षिण टोकाजवळून जाते. १९६३ साली भारतातून पहिले रॉकेट सोडायला केरळमधले थुंबा निवडले ते त्यामुळेच. या बुडबुड्यांमधून येणारा संकेत ताऱ्यासारखा लुकलुकतो आणि रिसीव्हरची त्यावरची पकड सुटते.

सूर्यास्तानंतर तासाभरात सुरुवात होते आणि मध्यरात्रीपर्यंत त्रास राहू शकतो. बुडबुडे पूर्वेकडे सेकंदाला शंभर मीटर किंवा त्याहून वेगाने सरकतात. एक डोक्यावरून जायला पंधरा-वीस मिनिटे लागली, तरी मागोमाग दुसरा येऊ शकतो.

शेतात हे दिसते कसे? पडद्यावर 'फिक्स' (सेंटिमीटरची अचूकता) जाऊन 'फ्लोट' (ढोबळ अंदाज) येते, उपग्रहांची संख्या पटकन उतरते, स्टीअरिंग बारीक हिसके देऊ लागते. मागे वळून पाहावे तर शेवटच्या दोन ओळी शेजारच्या ओळींपासून हातभर सरकलेल्या. थांबले तर एवढ्यावरच निभावते. खरा धोका खोट्या फिक्सचा आहे. पकड सुटून परत जुळताना गणित चुकते, पडद्यावर मात्र 'फिक्स' दिसते, आणि पुढची सगळी पेरणी त्या चुकीच्या रेषेवर होते. म्हणून बांधावर एक पक्की खुंटी ठोका. दिवसा, सगळे सुरळीत असताना तिची जागा मोजून ठेवा. फ्लोट होऊन फिक्स परत आले, की आधी खुंटीवर जाऊन आकडे पडताळा. दोन-तीन सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक आला, तर त्या रात्री काम थांबवा.

रिसीव्हर बंद-चालू करू नका. उपग्रहावरून दुरुस्ती घेणाऱ्या यंत्रांना पुन्हा अचूकतेवर यायला वीस-तीस मिनिटे लागू शकतात, आणि ती दुरुस्तीही त्याच आयनांबरातून येते. दुरुस्ती मोबाइलच्या नेटवरून येत असली, तरी बेस स्टेशनच्या डोक्यावर तेच आकाश असते. बेस शक्यतो १० किलोमीटरच्या आत ठेवा.

दोन फ्रीक्वेन्सीचा रिसीव्हर घेतला की चिंता मिटली, असे सांगितले जाते. ते अर्धेच खरे आहे. दुपारी आयनांबर दाट असताना संकेताला जो उशीर होतो, तो अशा रिसीव्हरने जवळपास पूर्ण काढता येतो. लुकलुकीने पकडच सुटली, तर दुरुस्त करायला काही उरत नाही. जीपीएससोबत इतर देशांचे उपग्रहही पकडणारा रिसीव्हर मात्र खरोखर उपयोगी. आकाशाचा एक भाग बिघडला, तरी दुसऱ्या बाजूचे उपग्रह हाताशी राहतात.

ड्रोनवाल्यांनी जास्त जपावे. मधमाश्या परतलेल्या असतात, वारा पडलेला असतो, म्हणून संध्याकाळी फवारणी करा असे आपणच सांगतो, आणि तो सल्ला चुकीचा नाही. पण शेवटची टाकी सूर्यास्ताच्या आत रिकामी व्हायला हवी. जीपीएस सुटला की ड्रोन जागी न थांबता वाऱ्याबरोबर वाहू लागतो. परत बोलावण्याचे बटणही त्याच जीपीएसवर चालते. हाताने उतरवण्याचा सराव दिवसा, मोकळ्या रानात करा. उरलेली फवारणी पहाटे उजाडल्यावर घ्या. त्या वेळी आयनांबर बहुधा शांत असते आणि माश्याही बाहेर पडलेल्या नसतात.

सौरवादळाचा इशारा नाही म्हणून निर्धास्त राहू नका. १० मे २०२४ च्या मोठ्या वादळात अमेरिकेत ऐन मका पेरणीत ट्रॅक्टर थांबले होते, पण आपल्या पट्ट्यातले बुडबुडे शांत दिवसांतही उठतात. सूर्यावरील डाग वाढलेल्या वर्षांत ते जास्त उठतात. सौरचक्र साधारण ११ वर्षांचे असते आणि शिखर ओसरल्यावरही दोन-तीन वर्षे त्रास राहतो.

रात्रीच काम करणे भाग असेल, तर नांगरट किंवा रोटाव्हेटर असे हातभर चूक खपणारे काम घ्या. पेरणीच्या ए-बी रेषा (ट्रॅक्टरने धरून चालायच्या सरळ रेषा) दुपारीच आखून जतन करा आणि दर पाचव्या-सहाव्या रेषेला दोन्ही टोकांना खुंटी लावा, म्हणजे अंधारात ट्रॅक्टर रेषा सोडू लागला तर दिव्याच्या उजेडात लगेच लक्षात येईल.