फॉसडेमला पहिल्यांदा निघालात? या चुका टाळा

जानेवारी सरता-सरता किंवा फेब्रुवारी लागता-लागता, एका शनिवार-रविवारी ब्रुसेल्समध्ये फॉसडेम भरतं. मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांची (म्हणजे ज्याचा कोड कोणीही वाचावा, बदलावा, वाटावा असं सॉफ्टवेअर करणाऱ्यांची) ही जत्राच. हजारो माणसं येतात, पण तिकीट नाही की नावनोंदणी नाही. २००० साली सुरुवात झाली तेव्हा नाव ओएसडेम होतं, पुढचा 'एफ' ('फ्री', म्हणजे मुक्त) या चळवळीचे जनक रिचर्ड स्टॉलमन यांच्या सांगण्यावरून नंतर लागला. तिकीट नाही म्हणजे तयारीही नको, असं धरून मी गेलो आणि दोनातला दीड दिवस घालवला.

व्हिसापासून बघा. तिकीटच नसल्यामुळे दाखवायला नावनोंदणीचा कागद नसतो. त्यामुळे परतीचं विमान, राहण्याची सोय, बँकेचे कागद आणि किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा यांवरच सगळी भिस्त. शेंगेन व्हिसासाठी सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. दिवाळीचा फराळ संपला की कागद गोळा करायला लागा, संक्रांतीची वाट बघू नका.

विमान स्वस्त मिळालं म्हणून खूश होण्याआधी विमानतळाचं नाव वाचा. 'ब्रुसेल्स साउथ शार्लरुआ' शहरापासून सुमारे ५० किलोमीटर लांब आहे. दुसरा घोळ विद्यापीठाचा. ब्रुसेल्समध्ये 'मुक्त विद्यापीठ' नावाची दोन विद्यापीठं आहेत, एक फ्रेंच आणि एक डच. नकाशात नुसतं इंग्रजी नाव टाकलं तर चुकीच्या आवारात जाऊन पोचाल. आपल्याला हवं ते फ्रेंच, यूएलबी (युनिव्हर्सिते लीब्र द ब्रुसेल), आणि त्याचं सोलबॉश आवार. (तिथलं 'लीब्र' म्हणजे मुक्त; मुक्त सॉफ्टवेअरमधल्या 'फ्री'सारखं तेसुद्धा फुकट या अर्थाचं नाही. स्टॉलमन यांना बरं वाटत असेल!)

आता माझी सगळ्यात मोठी चूक. मी वेळापत्रकावर रंगीत खुणा करून गेलो होतो: दहाला इथे, साडेदहाला तिकडे, अकराला तिसऱ्या इमारतीत. पण भाषणं पाठोपाठ आणि इमारती लांब-लांब. धापा टाकत पोचावं तर दारावर 'फुल'चा कागद. जॅन्सन सभागृहात हजारावर माणसं मावतात, पण डेव्हरूम, म्हणजे एकेका विषयाची भाषणं होतात त्या खोल्या, साध्या वर्गखोल्याच. आगीच्या नियमामुळे तिथे कोणाला उभंही राहू देत नाहीत, आणि दारावरच्या स्वयंसेवकाशी हुज्जत घालून उपयोग नाही, तोही बिचारा फुकटच राबतोय. तेव्हा एकच विषय धरा, पहिल्या भाषणाच्या आधी त्या खोलीत जागा पकडा आणि ठाण मांडून बसा. बाकीची भाषणं थेट दिसतात, नंतर रेकॉर्डिंगही मिळतं. पुण्यात घरी चहा पीत जे बघता येतं त्यासाठी तिथे गारठ्यात पळायचं कशाला?

वाय-फाय जोडलं गेलं पण ऑफिसचा व्हीपीएन चालेना, असं झालं तर लॅपटॉपला शिव्या देऊ नका. 'फॉसडेम' नावाचं मुख्य नेटवर्क फक्त आयपीव्ही६ वर, म्हणजे इंटरनेट पत्त्यांच्या नव्या पद्धतीवर, चालतं. जुन्या वळणाच्या गोष्टींसाठी 'फॉसडेम-एन्शंट' असतं, त्यावर जा.

शाकाहारी असाल तर बटाट्याच्या फ्राइजबद्दल विचारून घ्या. बेल्जियममध्ये त्या गाईबैलांच्या चरबीत तळायची जुनी रीत आहे.

आणि सॉफ्टवेअर प्रकल्पांची टेबलं मांडलेली असतात त्या स्टँडवर रिकाम्या हाताने जाऊ नका. पहिल्या दिवशी मी नुसते स्टिकर गोळा केले. दुसऱ्या दिवशी दुपारी एका प्रकल्पाच्या टेबलाशी म्हणालो, "तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये मराठी नीट चालत नाही." समोरचा हसला फक्त. त्याने तरी काय करायचं? मग लॅपटॉप उघडून 'वाऱ्यावर' हा शब्द एका फाइलमध्ये दोन ओळींत दोनदा टाइप केला. एकदा नुक्त्याचा 'ऱ' आणि हलन्त वापरून, एकदा साधा 'र', हलन्त आणि न दिसणारा जोडक वापरून. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे. शोधायला लावलं तर एकच सापडला. त्याने खुर्ची पुढे ओढली, शेजारणीला हाक मारली आणि विचारलं, "आवृत्ती कोणती? कीबोर्ड कोणता?" दोन्हींची उत्तरं माझ्याकडे होती. दोन ओळींची ती फाइल जोडून तिथेच, उभ्या-उभ्या, बग नोंदवला. तोवर साडेचार वाजले होते आणि शेजारचे लोक टेबलं आवरायला लागले होते.