टी-34/85 चा टरेट: ओतीव पोलाद प्लास्टिकवर उतरवताना

1/35 स्केलच्या किटमधला टी-34/85 या सोव्हिएत रणगाड्याचा टरेट, म्हणजे तोफेचा फिरता बुरूज, साधारण तासाभरात जोडून होतो, पण दिसतो साबणाच्या वडीसारखा. खऱ्या टरेटच्या बाजू ओतीव पोलादाच्या, खरबरीत. छत मात्र 20 मिलिमीटर जाडीच्या सपाट पत्र्याचं, वरून वेल्ड केलेलं. सगळं काम या फरकाभोवती फिरतं.

सुरुवात सांध्यापासून. वरचा आणि खालचा भाग पातळ प्लास्टिक सिमेंटने (प्लास्टिक वितळवून जोडणाऱ्या गोंदाने) चिकटवा. भाग हलके दाबल्यावर सांध्यातून वितळलेल्या प्लास्टिकची बारीक कड वर आली पाहिजे. रात्रभर वाळू द्या, मगच घासा. घाई केली तर आतलं मऊ प्लास्टिक नंतर आकसतं आणि रंगाखाली खाच दिसते. घासण्याआधी संदर्भाचा फोटो बघा. खऱ्या टरेटच्या बाजूंवर साच्याचे दोन भाग जुळल्याची उंचवट्याची रेघ असते. निझनी तागीलच्या 183 क्रमांकाच्या आणि गोर्कीच्या 112 क्रमांकाच्या कारखान्यांचे साचे वेगळे, त्यामुळे ती एकाच जागी नसते. किटचा सांधा बुजवायचा, ही रेघ राखायची. सरसकट सगळं गुळगुळीत करणं ही सर्वांत जास्त दिसणारी चूक.

आता खरबरीतपणा. मॉडेलची पुट्टी थोडी काढून त्यात पातळ सिमेंट मिसळा, दाट रंगाइतकी होऊ द्या. जुन्या ब्रशचे केस अर्ध्यावर कापून घ्या आणि मिश्रण ठोकत लावा. ओढलंत तर केसांच्या रेघा उमटतात. एका वेळी अंगठ्याच्या नखाएवढाच भाग घ्या, कारण सिमेंट उडून गेलं की पुट्टी लगेच ताणते आणि टोकं निघतात. पुरती वाळल्यावर 600 नंबरच्या पॉलिश पेपरने वरची टोकं उतरवा. किती उतरवायची? 0.2 मिलिमीटरचा उंचवटा म्हणजे खऱ्या रणगाड्यावर 7 मिलिमीटर, त्यामुळे हाताला जेमतेम जाणवेल इतकंच ठेवा. तोफेच्या मुळाशी असलेलं मॅन्टलेटही ओतीव, त्यालाही हाच लेप. छताचा पत्रा आणि हॅचची (माणसाने आत-बाहेर करायच्या तोंडाची) झाकणं मात्र आधीच मास्किंग टेपने झाका.

छताच्या कडेचं वेल्ड बहुतेक किटांत नुसती रेघ असते. ती स्क्रायबरने (रेघ कोरायच्या टोकदार हत्याराने) थोडी खोल करा, मेणबत्तीवर ताणलेल्या स्प्रूची (किटचे भाग ज्या प्लास्टिकच्या चौकटीला जोडलेले येतात तिच्या काडीची) साधारण 0.4 मिलिमीटर जाडीची तार त्यात बसवा आणि वरून पातळ सिमेंट सोडा. मिनिटभरात तार मऊ पडते. तेव्हा बोथट पात्याने जवळजवळ, किंचित तिरपे दाब द्या. सगळे दाब एकाच अंतरावर पडले तर शिवणयंत्राचा टाका वाटतो. पातं चिकटू लागलं तर थांबा, सिमेंट अजून ओलं आहे.

कारखान्याचे ओतीव आकडे हवे असतील तर स्प्रूच्या चौकटीवरचे उठावाचे आकडे नव्या पात्याने पातळ कापा आणि ब्रशने सिमेंट लावून जागेवर सरकवा. वाळताना आकडा खाली बसतो आणि ओतल्यासारखा दिसतो.

टरेटच्या बाजूच्या, हाताने धरायच्या दांड्या 0.5 मिलिमीटर पितळी तारेच्या करा. 35 ने गुणलं तर 17.5 मिलिमीटर, म्हणजे बरोबर जाडी. किटच्या दांडीवरच माप घेऊन वाकवा, भोक 0.6 चं पाडा, सुपरग्लू सुईच्या टोकाने आतल्या बाजूने लावा. बाहेरून लावलात तर खरबरीत लेपावर चकाकता डाग राहतो. या दांड्या लेपानंतरच, नाहीतर ब्रश अडतो.

प्लास्टिकची तोफ दोन अर्ध्यांत असेल तर सांधा लांबीने घासू नका, नळी चपटी होते. पॉलिश पेपरची अरुंद पट्टी नळीभोवती आडवी ओढा. धातूची नळी असेल तर पाच मिनिटांचा इपॉक्सी वापरा: सुपरग्लू लगेच पकडतो आणि नळी सरळ करायला वेळच मिळत नाही. समोरून आणि वरून, दोन्हीकडून बघून सरळ करा.

हॅच उघडी ठेवणार असाल तर झाकणाच्या आतल्या बाजूचे इजेक्टर पिनचे (साच्यातून भाग बाहेर ढकलणाऱ्या खुंट्यांचे) गोल खड्डे भरा. आत माणूस किंवा तोफेचा मागचा भाग नसेल तर झाकण बंदच बरं, कारण पोकळ टरेट लगेच कळतो.

शेवटी राखाडी प्रायमरचा पातळ हात, आणि टेबललॅम्प बाजूने धरून तपासणी. जिथे लेप संपून गुळगुळीत पट्टा सुरू होतो तिथे पुन्हा ठोका. प्रायमर जाड मारलात तर ठोकून आणलेलं सगळं त्याखाली बुजतं.